घरच्याच कोंबड्यावर कळप वाढवताना होणाऱ्या चुका

दहा कोंबड्या आणि एक रुबाबदार कोंबडा एवढ्यावर गावठी कळप वर्षानुवर्षे चालवणारी घरे पुष्कळ आहेत. काही पिढ्या काही बिघडत नाही. मग मात्र रवणीला, म्हणजे कोंबडीखाली उबवायला, बसवलेल्या पंधरा अंड्यांतून सहा-सातच पिल्ले निघतात, तलंगा (तरुण कोंबड्या) उशिरा अंड्यावर येतात आणि दोष पक्ष्यांच्या आपसांतील नात्याऐवजी खाद्यावर किंवा हवेवर जातो.

सर्वांत घातक चूक म्हणजे कोंबड्या मोजणे आणि कोंबडे न मोजणे. कळपातील अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्याच पक्ष्यांपासून पिल्ले होणे, मुख्यतः नरांच्या संख्येवर ठरते. एका कोंबड्यामागे दहा माद्या असतील, तर ते दर पिढीला सुमारे १३.७५ टक्क्यांनी वाढते. माद्या वीस केल्या तरी हा आकडा १३.१ च्या आसपासच राहतो, पण दहा माद्यांना दोन कोंबडे ठेवले तर तो ७.५ टक्क्यांवर येतो. हा हिशेब दोन्ही कोंबड्यांची पिल्ले सारखी निघाली तरच खरा. दोघांना एकत्र सोडले तर वरचढ कोंबडा दुसऱ्याला माद्यांजवळ फारसा फिरकू देत नाही, म्हणून त्यांची खुराडी वेगळीच हवीत.

शेजाऱ्याचा कोंबडा आणताना त्याचे मूळ विचारावे. गावात रवणीची अंडी घरोघर फिरतात, त्यामुळे तो कोंबडा आपल्याच कोंबडीचा नातू निघू शकतो. बाहेरून आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा, नाहीतर त्याच्याबरोबर मानमोडी (राणीखेत) हा रोग घरात येऊ शकतो. वनराजासारख्या सुधारित जातीचा कोंबडा वजन वाढवतो, पण त्याच्या लेकींमध्ये खुडूक होऊन अंडी उबवायला बसण्याची सवय कमी होते. कोंबडीखालीच पिल्ले काढणाऱ्यांना हा सौदा परवडत नाही, असे माझे मत आहे.

कोंबडा बदलल्यावर लगेच अंडी बसवू नयेत, कारण आधीच्या नराचे बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकते.

प्रत्येक नापास रवण नात्यामुळेच बिघडते असेही नाही. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरावी. अंडे स्वच्छ दिसले तर ते बहुधा फळलेलेच नसते, तेव्हा कोंबड्याचे वय आणि तब्येत पाहावी. लाल कडे दिसले तर गर्भ धरून मेलेला असतो. त्याला शिळी अंडी किंवा ऊबेतील खंडही कारणीभूत असतो. ताजी अंडी आणि नीट बसणारी कोंबडी असूनही पिल्ले वारंवार कवचातच मरत असतील, तर मात्र नात्याचा संशय घ्यावा.

शक्य असल्यास तीन खुराडी करावीत. तलंगा आईच्याच खुराड्यात ठेवाव्यात आणि निवडलेले कोंबडे दरवर्षी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून पहिल्यात हलवावेत. त्यासाठी पिल्लू एक दिवसाचे असतानाच खूण करावी लागते. पहिल्या खुराड्याच्या पिल्लांना डाव्या पायाच्या बोटांमधील पातळ पडद्याला बारीक भोक पाडावे, दुसऱ्याच्या पिल्लांना उजव्या पायाला, आणि तिसऱ्याची कोरी ठेवावीत. तुकडा पूर्ण निघाला आहे ना, हे नखाने चाचपून पाहावे; अर्धवट पडलेले भोक आठवड्यात बुजते आणि मग ते पिल्लू कोणाचे, हे सांगता येत नाही.