रानात वापरायचा चाकू करवून घेताय? पोलाद असं निवडा

चाकू बनवणाऱ्याला फोन केला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तो विचारतो, ‘स्टील कुठलं लावू?’ आपल्याला धड माहीत नसतं. मग कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं वजनदार नाव सांगून आपण मोकळे होतो. माझा पहिला चाकू असाच झाला. डी२ हे साचे (डाय) बनवायला वापरतात ते कडक पोलाद मागितलं, तेच मिळालं, धारही कितीतरी महिने टिकली. मग एका उन्हाळ्यात वाळका बांबू चिरताना पेऱ्यावर पातं जरा पिळलं गेलं आणि धारेतून भाताच्या शिताएवढा तुकडा उडाला. बनवणाऱ्याने काम चोख केलं होतं. मागणंच चुकलं होतं.

खाली जे सांगतोय ते चार-पाच इंच पात्याच्या, न मिटणाऱ्या चाकूबद्दल. ट्रेकला, शेतावर, नदीकाठच्या मुक्कामाला नेतो तसला.

१. आधी कामं लिहून काढा

कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात बाहेर असताना चाकूने खरोखर काय काय केलं ते लिहा. बहुतेकांची यादी दोरी, कांदा, काकडी, पाकिटं आणि चुलीसाठी काटक्या सोलणं एवढ्यावर संपते. काहींच्या यादीत बांबू चिरणं, मासे साफ करणं येतं. पात्याच्या पाठीवर सोटा हाणून लाकूड फोडायची हौस असेल तर तीही लिहा, कारण तिथे सगळा हिशेबच बदलतो.

पोलादाकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात. धार टिकावी, पातं तुटू नये, गंज चढू नये. तिन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत. धार टिकायला पातं कडक लागतं आणि कडकपणा वाढला की चिवटपणा कमी होतो. कडकपणा रॉकवेल सी या मापात सांगतात. नवी कानस साधारण ६५च्या आसपास असते, रानातला चाकू ५७ ते ६० मध्ये बसतो. त्याच्या खाली धार लवकर वळते, वर गेलं की पात्याचे कपचे उडायची भीती.

२. गंजाच्या बाबतीत स्वतःशी खोटं बोलू नका

‘मी दर वेळी पुसून, तेल लावून ठेवेन’ असं सगळेच म्हणतात. मीही म्हटलं होतं. ऐन श्रावणात हरिश्चंद्रगडावरून उतरलो, ओला चाकू चामड्याच्या म्यानात तसाच राहिला आणि म्यान सॅकच्या तळाशी. दोन आठवड्यांनी काढला तेव्हा पात्यावर तांबडे डाग होते आणि डाग घासल्यावर खाली बारीक खड्डे निघाले. चामडं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे चाकू म्यानात साठवायचाच नसतो. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

साध्या कार्बन पोलादाचा स्वभाव बघायचा असेल तर त्याने एक कैरी कापा. पाचेक मिनिटांत पात्यावर निळसर-करड्या लाटा उमटतात आणि कैरीच्या फोडीला लोखंडी चव येते. हा थर गंजाइतका वाईट नाही, उलट पातं थोडं सांभाळतो. पण कोशिंबिरीला तो चाकू नको.

स्टेनलेस म्हणायला पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. पण डी२ मध्ये ११-१२ टक्के क्रोमियम असूनही ते डागाळतं. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो आणि बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशी बांधलं जाऊन कडक कण बनतात. गंज अडवायला मोकळं क्रोमियम उरतं ते थोडंच. ते कण धार टिकवतात आणि तेच मोठे कण पातं ठिसूळही करतात. माझा बांबूचा किस्सा तिथलाच.

तुम्ही कोकणात किंवा गोव्यात राहत असाल, मासे साफ करणार असाल, किंवा मनाने आळशी असाल तर स्टेनलेसच घ्या. बाकीच्यांनी पुढचं वाचून ठरवावं.

३. पाणी कोण देणार, ते पोलादाच्या नावाआधी विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पोलाद तापवून एकदम थंड केलं की कडक होतं. आपल्याकडे याला ‘पाणी देणं’ म्हणतात, मग ते तेलात का बुडवलेलं असेना. पाणी नीट दिलं नसेल तर महागातलं पोलादही वाया जातं, आणि नीट दिलेला ट्रकच्या पाट्याचा तुकडा तुम्हाला आयुष्यभर पुरतो.

भात्यावर काम करणारा लोहार पाट्याच्या पोलादाला फार छान पाणी देऊ शकतो. एकदा मी एका लोहारमामांच्या शेजारी बसून बघितलं होतं. पातं नारिंगी-लाल झालं की ते चुंबक लावून बघत. चुंबक धरेनासं झालं की पोलाद ७७० अंशांच्या पुढे गेलं असं समजायचं. त्यानंतर अजून थोडं तापवून थेट कोमट तेलात. बाहेर काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते परत मंद तापवून जरा मऊ करायचं. त्यांनी पात्याची एक बाजू दगडाने घासून चकचकीत केली आणि निखाऱ्यावर पाठ धरली. पाठीकडून रंग सरकत येताना दिसला, आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा.

‘दादा, कोयता असता तर निळ्यापर्यंत जाऊ दिलं असतं. सुरीला पिवळ्यावर थांबायचं,’ असं म्हणत त्यांनी पातं उचललं. पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं, फक्त अंशांमध्ये. घरी ओव्हन असेल तर हे काम आणखी नेमकं होतं. पाट्याच्या पोलादाला २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा.

स्टेनलेसला हे चालत नाही. त्याला १०५० अंशांच्या पुढे, ठरलेल्या तापमानावर काही मिनिटं धरून ठेवावं लागतं, तेही हवा न लागता. चांगले कारागीर त्यानंतर पातं उणे तापमानात, कोरड्या बर्फात किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. हवा न लागता तापवायला भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक भागातल्या व्हॅक्यूम भट्ट्या लागतात. तेव्हा स्टेनलेस घेताना बनवणाऱ्याला सरळ विचारा, ‘हीट ट्रीटमेंट (म्हणजे पाणी देणं आणि मग मऊ करणं) कुठे करता, आणि रॉकवेल किती येतो?’ उत्तराला आढेवेढे घेतले तर दुसरा माणूस शोधा.

४. आता नावं

गाडीचा पाटा: आपल्याकडे हा ईएन४५ किंवा एसयूपी९ जातीचा असतो, अमेरिकेत ५१६० म्हणतात तो एसयूपी९चा जवळचा भाऊ. कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास, चिवटपणा उत्तम, लोहाराच्या हातातला. धार मध्यम टिकते, पण परत लावायला पाच मिनिटं पुरतात. पहिला चाकू करवून घेणाऱ्याला मी हेच सुचवतो. फक्त भंगारातला पाटा नको. वर्षानुवर्षं दबून-उठून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असतात. पाटे बनवणाऱ्याकडून नव्या पाट्याची कापट मिळवा. शिवाय एक छोटा तुकडा पाणी देऊन, मऊ न करता, शिकंज्यात धरून मोडून बघायला सांगा. मोडलेली कड मखमलीसारखी बारीक, करडी दिसली तर ठीक. साखरेसारखे दाणे चमकले तर पोलाद जास्त तापलंय.

ईएन३१: बेअरिंगचं पोलाद. एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. बाहेर याला ५२१०० म्हणतात. बारीक, झोंबणारी धार घेतं आणि पाट्यापेक्षा जास्त टिकवतं. पण तापमान सांभाळणारा हात हवा, आणि गंजतं. कातरकाम, सोलणं, स्वयंपाक जास्त असेल तर हे उत्तम.

१०९५ आणि ८०सीआरव्ही२: दोन्ही कार्बन पोलादं, परदेशी चाकूंमुळे प्रसिद्ध. १०९५ला फार वेगाने थंड करावं लागतं, जरा उशीर झाला की नुसती वरची कातडी कडक होते. मिळत असेल तर मी ८०सीआरव्ही२ घेईन, पाणी देताना थोडं चुकलं तरी ते जास्त माफ करतं.

ओएचएनएस: बाजारातलं नाव हेच. तेलात पाणी घेणारं हत्यारी पोलाद, ओ१च्या जातीचं. सहज मिळतं, धार सुरेख. गंजतं मात्र भराभर.

एचसीएचसीआर: डाय बनवणारे वापरतात. या नावाखाली डी२ही येतं आणि डी३ही, आणि डी३ मध्ये कार्बन दोन टक्क्यांच्या पुढे. कागदासारखं पातळ कापणाऱ्या, कधीच न पिळवटल्या जाणाऱ्या चाकूला चालेल. लाकूड फोडायला अजिबात नको.

एईबी-एल आणि १४सी२८एन: दोन्ही स्वीडिश कुळातली. पहिलं दाढीच्या ब्लेडसाठी घडवलेलं. क्रोमियम १३-१४ टक्के, कार्बन ०.६ ते ०.७, त्यामुळे कण बारीक राहतात आणि स्टेनलेस असूनही पातं चिवट निघतं. सह्याद्रीच्या पावसात मी हल्ली १४सी२८एनचाच चाकू नेतो. दुकानदार आग्रहाने दाखवतात त्या ४४०सी या स्टेनलेसपेक्षा हे रानात कितीतरी बरं.

राहिली महागडी पावडर पोलादं, म्हणजे पोलादाची भुकटी करून ती दाबून बनवलेली. सीपीएम ३व्ही चिवटपणासाठी, मॅग्नाकट सगळ्याच बाबतीत. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने घडवलेलं मॅग्नाकट २०२१ मध्ये बाजारात आलं. चांगली आहेत, वाद नाही. पण आयात, खास हीट ट्रीटमेंट आणि धार लावायला हिऱ्याची पट्टी हा सगळा खर्च धरा. दुसऱ्या-तिसऱ्या चाकूला बघा.

‘दमास्कस’ म्हणून स्वस्तात विकतात ते लाटालाटांचं पातं सुंदर दिसतं. आत काय आहे ते विकणाराही सांगू शकत नसेल तर भिंतीवर लावा.

५. ऑर्डर देताना

जाडी लिहून द्या. पाठीला ३ ते ४ मिलिमीटर पुष्कळ झाली. ६ मिलिमीटरचा चाकू फोटोत मर्दानी दिसतो आणि टोमॅटो चेचतो. पोलादाचं नाव, रॉकवेलचा आकडा आणि धारेचा कोन (दर बाजूला २० अंश) हे तिन्ही मेसेजमध्ये लेखी मागा.

लांबीची हौस आवरा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू घरकाम किंवा शेतीसाठी घडवलेला नसेल तर शस्त्रास्त्र नियमांच्या कक्षेत येऊ शकतो. चार-पाच इंची चाकूही एसटी स्टँडवर कमरेला लटकवू नका, सॅकच्या आत ठेवा.

६. हातात आल्यावर

धारेवर कानस हलकेच एकदा ओढून बघा. ती काचेवरून सरकल्यासारखी घसरली पाहिजे. चावून लोखंडाचा कीस काढू लागली तर पाणी बसलेलं नाही.

मग पितळेची गोल कांडी घ्या. धार तिच्यावर उजेडासमोर आडवी टेकवून साधारण धारेच्या कोनात दाबा आणि कडेकडे बघत सरकवा. धार किंचित वाकताना दिसेल आणि दाब काढताच सरळ होईल. वाकलेलीच राहिली तर पातं मऊ आहे. कपचा उडाला तर फार कडक. दोन्हीत चाकू परत पाठवा. बऱ्याचदा पुन्हा तापवून काम होतं.

धार मात्र पहिल्या आठवड्यातच जोखू नका. पट्ट्याच्या मशिनवर घासताना धारेची अगदी टोकाची कड कधी कधी तापून मऊ पडते. निसण्यावर दोन-तीन वेळा धार लावलीत की ती जळकी कड निघून जाते, आणि खालचं पोलाद हाताला लागतं.