मोबाईल गेमला पहिल्या आठवड्यात गर्दी, महिन्याभरात सामसूम? या चुका टाळा

फोंड्यात आम्ही दोघांनी मिळून केलेला माटोळीचा गेम सगळ्यात आधी मी मावशीच्या फोनवर टाकला. चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट, आणि तिच्यात नारळ, सुपारीचा घोस, चिबूड, आंबाडे, कवंडळं नेमक्या जागी बांधायची, असा साधा कोड्यांचा खेळ. मावशी रोज रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाते. चार-पाच दिवस तिने बोटीत मन लावून तो खेळला आणि मग बंद केला. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, बोट धक्क्याला लागली की मी फोन पर्समध्ये टाकते. परत काढला की माझी माटोळी रिकामी. तीच ती किती वेळा बांधू?"

आम्ही त्या आठवड्यात नव्या लेव्हल्स, नवी नाणी, नवे रंग करत बसलो होतो. मावशी गेली होती ती एका सेव्हपायी. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे: जो गेम मध्येच निर्धास्तपणे खाली ठेवता येतो, तोच माणूस परत उचलतो. खालच्या बहुतेक चुका याच गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

अर्धवट डाव हरवणं

आपण गेम मोठ्या स्क्रीनसमोर बसून, सलग तासभर तपासतो. खेळणारा तो कदंबच्या बसमध्ये, बँकेच्या रांगेत, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये खेळतो. फोन वाजतो, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं जातं, आणि कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड मागे गेलेला गेम गुपचूप मारून टाकतो. अशा वेळी गेमला "बंद होतोय" असा निरोप मिळेलच याची खात्री नसते. युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर गेम बंद होताना येणाऱ्या 'ऑन अ‍ॅप्लिकेशन क्विट' या निरोपाच्या भरवशावर राहू नका. गेम मागे गेल्याचा 'ऑन अ‍ॅप्लिकेशन पॉज' आला की लगेच सेव्ह करा. कोड्याच्या खेळात तर प्रत्येक चालीनंतर सेव्ह करा, डेटा असतो तरी किती?

तपासायची पद्धत सोपी आहे. लेव्हलच्या मधोमध होमचं बटण दाबा, अलीकडच्या अ‍ॅप्समधून गेम सरकवून काढून टाका आणि पुन्हा उघडा. बांधलेलं फळ जिथल्या तिथे दिसलं पाहिजे. दुसरी तपासणी अपडेटची: जुन्या आवृत्तीत खेळून ठेवा, वर नवी टाका आणि जुना सेव्ह उघडतो का ते पाहा. सेव्ह फाईलमध्ये आवृत्तीचा क्रमांक पहिल्या दिवसापासून ठेवा. क्लाउड सेव्हही (डाव फोनबाहेर, इंटरनेटवर साठवणं) लांबणीवर टाकू नका. सहा महिने खेळलेल्या माणसाने फोन बदलला आणि सगळं गेलं, तर तो पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरू करत नाही.

नुसते डाउनलोड मोजणं

एकूण डाउनलोडचा आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून तो पाहून काहीच कळत नाही. एकाच दिवशी गेम घेतलेल्या लोकांचा एक गट धरा आणि त्यातले दुसऱ्या दिवशी किती आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती, हे पाहा. गळती कुठे आहे त्यावरून दुखणं ओळखता येतं. पहिल्याच रात्रीत बहुतेक गेले तर सुरुवात फसली आहे: लांबलेलं ट्युटोरियल, मोठी डाउनलोड साईज, खेळायच्या आधी लॉगिन. दुसरा दिवस ठीक पण आठवड्यात ओसरले, तर खेळ समजला आणि तेवढ्यातच संपला, पुढे काही दिसलं नाही. महिन्यापर्यंत टिकून मग गेले तर मजकूर, म्हणजे खेळायला नवं काही, संपला आहे किंवा सोबत खेळणारं कोणी नाही.

दुखणं कळायच्या आधी औषध देऊ नका. पहिल्या दिवशी गळणाऱ्या गेमला नव्या शंभर लेव्हल्स जोडल्या तर त्या कोणी पाहणारच नाही.

अवघडपणाची सरळ चढण

प्रत्येक लेव्हल आधीच्यापेक्षा थोडी कठीण ठेवायची, हे कागदावर बरोबर वाटतं. खेळताना मात्र त्याने दम लागतो. घाट चढताना मध्ये सपाटी लागते तशी रचना हवी: दोन-तीन चढ, एक घाम काढणारी लेव्हल, मग दोन सोप्या, जिथे नुकतं शिकलेलं हातखंडा झाल्यासारखं वाटतं.

लेव्हल किती वेळा हरली जाते, याने घाबरू नका. हरल्यावर गेम सोडून जाणारे कुठे वाढतात ते पाहा. आमच्या एका लेव्हलवर लोक खूप हरत होते, पण सोडत नव्हते. शेवटच्या एका फळासाठी हरलं की "आता जमेल" असं वाटतं. त्याच्या आधीची एक लेव्हल सोपी होती आणि नेमके तिथेच लोक जात होते. कारण शोधायला आम्हाला बराच वेळ लागला: तिथे घागऱ्या (माटोळीत बांधायचा एक जिन्नस) आणि आंबाडे लहान स्क्रीनवर सारखेच दिसत होते. चूक स्वतःची असली की माणूस पुन्हा प्रयत्न करतो, चूक गेमची वाटली की उठून जातो.

मजकुराच्या मागे धावणं

तुम्ही महिनाभर खपून केलेल्या वीस लेव्हल्स मन लावून खेळणारा एका संध्याकाळी संपवतो. दोन माणसांची टीम ही शर्यत जिंकू शकत नाही, म्हणून ती लावूच नका. 'सबवे सर्फर्स' २०१२ मध्ये आला आणि २०१३ पासून त्याने जगभ्रमण सुरू केलं. धावण्याचा खेळ तोच, शहर मात्र बदलत राहतं. 'वर्डल' हा शब्द ओळखायचा खेळ तर २०२१ मध्ये रोज फक्त एक कोडं घेऊन आला, सगळ्यांना तेच एक, आणि पुढच्याच जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. त्यात जास्त खेळायची सोयच नव्हती. दिवसाचं कोडं झालं की गेम स्वतःच तुम्हाला मोकळं करायचा, आणि उद्या पुन्हा यायला कारण उरायचं.

नवी फळं वाढवत बसण्यापेक्षा नियम एकमेकांत कसे मिसळतात ते बघा. चौकटीची एक बाजू जड झाली की ती कलते, हा एकच नियम घातल्यावर आमच्या जुन्या फळांतूनच कितीतरी नवी कोडी निघाली.

रोजच्या बक्षिसाचं घड्याळ

ही चूक बारीक आहे, पण फार लोक करतात. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि रोजचं बक्षीस तिथल्या मध्यरात्री बदलतं. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे ५.३० वाजलेले असतात. रात्री बारानंतर खेळणाऱ्याला वाटतं नवा दिवस सुरू झाला, गेमला वाटतं अजून कालचाच आहे, आणि कारण न कळताच त्याची सलग दिवसांची साखळी तुटते. दिवस खेळणाऱ्याच्या स्थानिक वेळेने मोजा. फक्त फोनच्या घड्याळावर विसंबू नका, तारीख पुढे ढकलून बक्षिसं घेणारे असतातच. नेट मिळेल तेव्हा सर्व्हरच्या वेळेशी पडताळणी करा.

साखळीत एक-दोन सुट्ट्या माफ ठेवा. ताप आला म्हणून चाळीस दिवसांची साखळी गेली, तर माणूस एक्केचाळीसावा दिवस नव्याने एक म्हणून मोजत नाही. आणि नाणी वाटत असाल तर ती खर्चायलाही जागा ठेवा. पाकिटात हजारो नाणी पडून असतील, तर रोजची दहा कोणाला हवीत?

सणाच्याच दिवशी इव्हेंट

चवथीच्या दिवशी आम्ही चोवीस तासांचा खास इव्हेंट ठेवला होता. माटोळीच्या गेमला त्याहून चांगला दिवस कोणता, असं वाटलं. त्या दिवशी आमचे गोव्यातले खेळाडू गावच्या मूळ घरी होते, पाहुण्यांत, आरतीत, नेवऱ्या तळण्यात, आणि कित्येक ठिकाणी रेंजही नव्हती. ज्यांच्यासाठी इव्हेंट केला त्यांनाच तो चुकला. पुढच्या वर्षी आम्ही तो आठ दिवस आधी सुरू केला, बाजारात माटोळीचं सामान येऊ लागतं तेव्हा, आणि मुदत चवथीनंतरही ठेवली. लोक सामान आणता आणता खेळू लागले.

चटक लावून धरून ठेवणं

पणजीत संध्याकाळी मांडवीच्या काठाने चाललं की कॅसिनोची जहाजं उजळलेली दिसतात. तिथेही माणसं पुन्हा पुन्हा जातात. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की हात थांबत नाही, हे मानसशास्त्राला विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या बक्षिसांच्या पेट्या, त्याच तत्त्वावर चालतात, आणि पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवलं. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं: तुमचा तक्ता नुसता परत आलेल्यांचा आकडा दाखवतो, माणूस आनंदाने आला की कासावीस होऊन, ते दाखवत नाही. ते विचारावं लागतं. दर महिन्याला पाच-सहा खेळाडूंशी फोनवर बोला.

नोटिफिकेशनची घाई

गेम उघडताक्षणी परवानगी मागू नका. अँड्रॉइड १३ पासून ही परवानगी मागावीच लागते, आणि दोनदा नकार मिळाला की ती खिडकी पुन्हा दाखवता येत नाही. आयफोनवर संधी एकदाच. खेळणाऱ्याला ज्याची वाट पाहावीशी वाटते अशी गोष्ट आधी घडू द्या, मग विचारा. आणि निरोप खरा असू द्या. "आम्हाला तुमची आठवण येते" यात कळवण्यासारखं काहीच नाही.

तीन महिन्यांनी कोणी परत आलं तर त्याच्यावर दहा पॉपअप आणि चुकलेल्या इव्हेंटची यादी ओतू नका. तो नियमही विसरलेला असतो. आम्ही आता एक सोपी लेव्हल आधी देतो, हात बसेपर्यंत, आणि मग त्याची जुनी चौकट उघडतो. मावशीची तशी उघडली तेव्हा चिबूड अजून अर्धाच बांधलेला होता. तिने गाठ मारली आणि बोट धक्क्याला लागली.