नवी पेटी भणभणते, खडखडते: दोष शोधायचा कसा आणि घरी काय करता येतं

सप्ताहाच्या तोंडावर मंडळासाठी किंवा लेकराला शिकायला म्हणून नवी पेटी (हार्मोनियम) घरात येते, आणि आठवडाभरात एखाद्या सुरावर 'झर्रर' असा आवाज लागतो. कधी भाता मारताना आतून कुरकुर येते, कधी पट्टी दाबली की टकटक होते. एवढ्यावरून पेटी वाया गेली असं समजू नका. नव्या पेटीतले बरेचसे आवाज ढिल्या स्क्रूचे, रीडमध्ये अडकलेल्या भुश्शाचे किंवा थरथरणाऱ्या सुट्या लाकडाचे असतात आणि ते घरी निघतात. कायमचं नुकसान होतं ते आवाज कुठून येतो हे न ठरवता पेटी उघडल्यामुळे आणि ब्लेडने रीड खरवडल्यामुळे. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ ऐकण्यात घालवा, स्क्रूड्रायव्हर नंतर.

आधी हवेची वाट समजून घ्या. मागचा भाता हवा खालच्या, आतल्या भात्यात ढकलतो. दोघांच्या मधे चामड्याची झडप असते, ती हवा परत येऊ देत नाही. आतल्या भात्याच्या स्प्रिंगा ती हवा सारख्या दाबाखाली ठेवतात. समोरचा स्टॉपर (ओढायची खुंटी) ओढला की हवा रीडच्या कप्प्यात जाते. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा पट्टीखालचं चामडं भोकावरून उचललं जातं आणि हवेला रीडमधून बाहेर पडायला वाट मिळते. रीड म्हणजे खाच पाडलेली पितळी पट्टी आणि तिच्यावर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पातळ जीभ. जीभ खाचेतून वर-खाली होते, पण काठाला शिवत नाही. दोन्ही बाजूंची फट केसाएवढीच असते. अ‍ॅकॉर्डियन, कॉन्सर्टिना आणि माउथऑर्गनमध्येही आवाज असाच तयार होतो, त्यामुळे पुढची बरीचशी तपासणी त्या वाद्यांनाही लागू पडते.

ऐकण्याची पद्धत

शांत वेळ निवडा. कूलर, पंखा बंद करा. पेटी टेबलावर किंवा पत्र्याच्या पेटीवर ठेवू नका, जाड सतरंजीवर ठेवा, नाहीतर खालची वस्तूच थरथरते आणि दोष पेटीला लागतो. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दाबणारी जोडणी) असेल तर बंद करा. एकच स्टॉपर पूर्ण ओढा आणि खालच्या सप्तकापासून एकेक पट्टी चार-पाच सेकंद धरून वाजवा, आधी हलक्या भात्याने, मग जोराने. ज्या पट्टीवर आवाज येतो ती कागदावर लिहा: सप्तक, पट्टी, स्टॉपर, भात्याचा जोर. उदाहरणार्थ, 'मंद्र, पांढरी पाच, खर्जाचा स्टॉपर, जोरात भाता'. मंद्र म्हणजे खालचं सप्तक, पांढरी पाच म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी; खर्ज ही रीडची जाड, खालच्या सुरांची ओळ आणि नर ही तिच्याहून वरच्या सुरांची. नंतर तो स्टॉपर बंद करून दुसरा ओढा आणि पुन्हा पहिल्यापासून.

या एका फेरीत बरंच कळतं. पांढरी पाच खर्जावर भणभणते आणि नरावर स्वच्छ वाजते, तर पट्टी, चामडं, स्प्रिंग सगळं ठीक आहे, दोष खर्जाच्या त्या एका रीडमध्ये आहे. दोन्ही स्टॉपरवर तीच पट्टी खडखडत असेल तर रीड सोडा, पट्टीकडे बघा. एका ठराविक उंचीच्या सुरावर, आणि त्याच्या शेजारच्या एक-दोन सुरांवर थोडा कमी, असा आवाज येत असेल तर बाहेरची एखादी वस्तू त्या सुराला थरथरते आहे. सगळ्याच सुरांवर येत असेल तर रीड बसवलेली अख्खी फळी किंवा झाकण ढिलं आहे. आणि एकही पट्टी न दाबता नुसत्या भात्यावर येत असेल तर झडप, स्प्रिंग किंवा भात्याची कडी.

दोन आवाज दोष नसतात, तरी नवशिक्या त्यांनाच घाबरतो. खर्जाच्या जाड रीड्सना मुळातच थोडी गुरगुर असते, ती सगळ्या खालच्या सुरांवर सारखी येते. दुसरा म्हणजे रीडच्या दोन ओळी एकत्र वाजवल्यावर येणारी लहर. एका ओळीचा सूर सेकंदाला 440 कंपनांचा आणि दुसरीचा 443 असेल तर सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात. एकेक स्टॉपर वेगळा लावला की ही लहर नाहीशी होते. तो जुळवणीचा प्रश्न आहे, खडखडीचा नाही.

आधी बाहेरची खडखड

पेटी न उघडता सुटणारे दोष आधी संपवा. सर्वांत जास्त आवाज करते ती भाता बंद ठेवायची कडी. वाजवताना ती मोकळी लोंबते आणि लाकडावर थरथरते. त्यानंतर बिजागऱ्या, उचलायच्या मुठी, समोरची जाळी, वरची काच किंवा अ‍ॅक्रिलिकची फळी, आणि कंपनीच्या नावाची पितळी पाटी. एकाने तो सूर धरून ठेवावा आणि दुसऱ्याने एकेक वस्तू बोटाने दाबत जावं. ज्या वस्तूवर बोट ठेवताच भणभण थांबते ती दोषी. भाता न मारताही हे तपासता येतं: मोबाइलच्या ट्यूनरवर तोच सूर मोठ्याने लावून मोबाइल पेटीजवळ धरा. पेटी गप्प असूनही खडखड आली तर रीडचा काही संबंध नाही.

उपाय साधा आहे. स्क्रू आवळा, पण पाव फेऱ्यापेक्षा जास्त जोर देऊ नका. कडीखाली आणि काचेच्या कडेला फेल्टचा (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा) तुकडा चिकटवा. फेल्ट नसेल तर जुन्या घोंगडीचा दीड-दोन सेंटीमीटर तुकडा चालतो. स्टॉपरची दांडी भोकात हलत असेल तर दांडीभोवती लोकरीचा एक वेढा द्या. स्टॉपर अर्धवट ओढून वाजवलं तर फुसफुस आणि थरथर दोन्ही येतात, म्हणून तो नेहमी पूर्ण ओढायची सवय लावा.

भाता आणि चामडं

सगळे स्टॉपर बंद करा आणि भाता तीन-चार वेळा मारून आतला भाता भरा. आता भाता ढकलताना हाताला घट्ट विरोध लागला पाहिजे. ढकलाल तितका आत जात असेल तर हवा कुठेतरी गळते आहे. भात्याच्या कोपऱ्यांवरून ओला हात फिरवा, हवेचा झोत लगेच कळतो. मग एक स्टॉपर ओढा, पट्टी दाबू नका. आपोआप एखादा सूर लागला तर त्या पट्टीखालचं चामडं भोकावर नीट बसलेलं नाही: भुसा अडकला आहे, स्प्रिंग खाचेतून सरकली आहे किंवा पट्टी शेजारच्या पट्टीला घासून खालीच अडकते आहे. भाता मारताना 'फट फट' येत असेल तर झडपेचं चामडं कडक किंवा एका बाजूने सुटलेलं आहे. कुरकुर आली तर आतल्या भात्याची स्प्रिंग लाकडावर घासते आहे. हे दोन्ही काम खालची फळी काढूनच होतं. स्प्रिंग ताणलेली असते आणि निसटली तर बोटाला लागते, म्हणून ते दुकानदाराकडे द्यावं.

टकटकणारी पट्टी घरी दुरुस्त होते. पट्टी खाली जिथे टेकते तिथलं फेल्ट बघा. स्वस्त पेटीत ते पातळ असतं किंवा डिंक सुटून बाजूला गेलेलं असतं. पट्ट्या एकमेकींना घासत असतील तर घासणाऱ्या लाकडाच्या कडेला मऊ शिसपेन्सिल फिरवा. खोबरेल तेल कधीही लावू नका. तेल धूळ ओढतं, आणि ते ओघळून चामड्यापर्यंत किंवा रीडपर्यंत गेलं की काम वाढतं.

रीड: इथे हात हलका

पेटी वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी दुकानदाराला विचारा आणि आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवा. उघडायचं ठरलं तर लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर, एक इंची मऊ ब्रश, दात कोरायची काडी, मोबाइलचा टॉर्च आणि फिलर गेज. फिलर गेज म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांचा संच, तो मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट लावायला वापरतात. अनेक संचांत सर्वांत पातळ पान 0.05 मिलिमीटरचं असतं, आपल्याला तेवढंच हवं. पानावरचं ऑइल पूर्ण पुसून घ्या.

वरचं झाकण काढा. रीडच्या फळीचे स्क्रू किंवा आकडे सोडवताना प्रत्येक स्क्रू आपल्या जागेप्रमाणे कागदावर मांडून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते. फळी उचलली की खालच्या बाजूला रीड्स दिसतात. लिहून ठेवलेली रीड शोधा आणि पुढचा क्रम मोडू नका.

पहिलं काम, तिचे दोन्ही स्क्रू. ढिले असतील तर आळीपाळीने, आधी एक थोडा, मग दुसरा, असे आवळा. भणभण बरेचदा एवढ्यावरच जाते. उलटही घडतं. कारखान्यात एक स्क्रू फार आवळलेला असेल आणि खालचं लाकूड सपाट नसेल तर पितळी पट्टीला बाक येतो आणि जीभ काठाला घासते. तेव्हा दोन्ही स्क्रू अर्धा फेरा सैल करून पुन्हा सारखे आवळा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर लाकडातलं भोक मोठं झालं आहे. स्क्रू काढा, काडेपेटीच्या काडीची पातळ चिरफळी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू लावा. रीडखाली डिंक जाऊ देऊ नका.

दुसरं काम, कचरा. नव्या पेटीत लाकडाचा भुसा, पितळेचा कीस, वाळलेल्या डिंकाचे कण हमखास असतात. ब्रश रिव्हेटकडून टोकाकडे फिरवा, उलटा नाही, नाहीतर केस जिभेखाली अडकून जीभ वाकते. मग फिलर गेजचं पान जीभ आणि काठ यांच्या फटीत अलगद सरकवून एकदा खालपर्यंत न्या. तोंडाने फुंकू नका, वाफेने पितळ काळं पडतं. आता काडीने जिभेचं टोक हलकं छेडा. स्वच्छ रीड 'टिंग' असा लांबणारा आवाज देते, अडकलेली 'थड' करून थांबते. शेजारच्या चांगल्या रीडशी ताडून बघा.

तिसरं, तरीही थड येत असेल तर रीड काढून मागून मोबाइलचा टॉर्च धरा. जिभेच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे. एका बाजूची रेघ तुटली असेल तर जीभ तिथे काठाला टेकते आहे. हे सरळ करणं कारागिराचं काम आहे. चिमट्याने जीभ पिळली तर ती पुन्हा त्याच सुरावर येत नाही.

शेवटी टोकाची उंची. जिभेचं मोकळं टोक रीडच्या पितळी पट्टीच्या पातळीपेक्षा साधारण आपल्याच जाडीएवढं वर असावं. फार खाली असेल तर हलक्या भात्यावर सूर उठत नाही आणि जोरात भाता मारला की गुदमरतो. फार वर असेल तर उशिरा उठतो आणि हवा जास्त खातो. खाली असेल तर गेजचं पान टोकाखाली घालून अगदी थोडं उचला आणि वाजवून बघा. मुळाशी घडी पडेल असं वाकवू नका.

ब्लेड, पॉलिश पेपर, कानस मात्र अजिबात नको. जिभेच्या टोकाकडचं पितळ कमी झालं की सूर चढतो, मुळाकडचं कमी झालं की उतरतो. जुळवणारे याच तत्त्वावर काम करतात, पण ते पितळ अगदी मोजून काढतात. घरी 'साफ' करताना गेलेलं पितळ परत येत नाही.

फळी परत बसवताना तिच्याखालचं चामडं दुमडलेलं नाही ना ते पाहा. स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने तिरके आवळत जा. एका बाजूने आवळले की दुसऱ्या बाजूने हवा गळते आणि सगळ्याच सुरांवर फुसफुस येते.

आपल्याकडची हवा

परभणी, नांदेड, बीडकडे मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, स्क्रू ढिले पडतात, फळ्यांच्या सांध्यांतून हवा गळते. जून-जुलैत तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकायला लागतात. नीट वाळवलेलं लाकूड नसलेल्या नव्या पेटीत हा फरक जास्त दिसतो. म्हणून पहिला एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाईपर्यंत सगळे स्क्रू दोन-तीन महिन्यांनी तपासावेत, आणि पट्ट्या अडकल्या म्हणून पावसाळ्यात लाकूड तासू नये. दिवाळीनंतर त्याच पट्ट्या सैल होऊन खडखडतील.

उन्हाळ्यात कूलरसमोर पेटी ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. ओलसर झोत थेट भात्यात ओढला जातो, चामडं नरम पडतं आणि पितळावर डाग येतात. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत बारीक भुसकट आणि कापूस घरात साठवल्यावर तंतू उडतात. एक तंतू एका रीडला मुकं करायला पुरतो. त्या काळात पेटीवर सुती कापड टाका, आणि वाजवून झालं की भात्याची कडी लावा, स्टॉपर बंद करा.

एसटीने किंवा टेम्पोने दुसऱ्या गावी नेताना पेटी गोधडीत गुंडाळून, पट्ट्या वर राहतील अशी आडवी ठेवा. गाडीच्या मागच्या धुऱ्यावरच्या सीटवर ठेवली तर खड्ड्यांनी रीडचे स्क्रू ढिले होतात. उन्हातून आणलेली पेटी लगेच वाजवू नका, अर्धा तास सावलीत राहू द्या.

कारागिराकडे न्यायची वेळ आलीच तर सुरुवातीला लिहिलेला कागद सोबत न्या. 'पेटी वाजत नाही नीट' एवढंच सांगितलं तर सगळ्या रीड्स उघडल्या जातात, आणि चांगल्या असलेल्याही हलतात. कोणती पट्टी, कोणता स्टॉपर, भात्याचा जोर किती हे सांगा, आणि परत घेताना त्याच्यासमोर बसून तेच सूर त्याच क्रमाने वाजवून बघा.