लाळेला तिचं काम करू द्या: लहान मुलांच्या दातांना कीड लागू नये म्हणून

बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायची सवय असेल तर आधी ती सोडवा, बाकी सगळं नंतर. कारण झोपेत लाळ जवळजवळ सुटतच नाही, मग दुधातली साखर वरच्या पुढच्या दातांवर रात्रभर तशीच राहते आणि जंतू तिचं ॲसिड करत बसतात. खालचे पुढचे दात बहुतेक वेळा वाचतात, का तर त्यांच्यावर जीभ असते आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथेच येते. यावरूनच कळतं की लाळ किती काम करते ते.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही हो. तिच्यात आयजीए नावाच्या अँटीबॉडी असतात, त्या जंतूंना धरून ठेवतात म्हणजे ते दाताला चिकटत नाहीत, लायसोझाइम जंतूंची भिंत फोडतं, लॅक्टोफेरिन त्यांना लागणारं लोह पळवतं, शिवाय बायकार्बोनेट ॲसिड मारतं आणि कॅल्शियम-फॉस्फेट दाताची झीज भरून काढतं. पण जन्मल्यावर बाळाच्या लाळेत आयजीए अगदी थोडं असतं, आईच्या दुधातून मिळतं ते वेगळं, आणि मोठ्यांएवढं व्हायला काही वर्षं जातात. त्यात दुधाच्या दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, पातळ. म्हणून या वयात कीड भराभर पसरते.

मग इम्युनिटीचे ड्रॉप्स द्यायचे का? माझं मत विचाराल तर पैसे वाया. कीड लागलेल्या मुलांच्या लाळेत आयजीए जास्त सापडलं असंही संशोधन आहे आणि कमी सापडलं असंही, त्यामुळे ते टेस्ट करून घरात काही उपयोग नाही. आपल्या हातात आहे ते म्हणजे लाळेला वेळ देणं.

काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की तोंडातला पीएच (ॲसिड मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि इनॅमल विरघळायला लागतं, लाळेला तो परत वर आणायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. आता मूल दर वीस मिनिटांनी एक बिस्कीट चघळत फिरत असेल तर लाळेने करायचं काय! दोन खाण्यांमध्ये निदान दोन तास जाऊ द्या, मधे फक्त साधं पाणी. लाडू द्यायचाच तर जेवणासोबत द्या, तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते. आणि आजी लोकांनो, चोखणीला मध-गूळ लावणं बंद, वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध अजिबातच नको.

बाटली एकदम सुटत नाही, मूल घर डोक्यावर घेतं. वर्ष उलटलेलं असेल तर दर दोन-तीन रात्रींनी झोपतानाच्या दुधात पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी उरतं. त्याहून लहान बाळाचं दूध मात्र पातळ करू नका, त्याला पाजून, तोंड पुसून मग झोपवा.

पहिला दात आला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, नंतर मटाराएवढी. फ्लोराईड १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास हवं, खोका उलटून वाचा, लहान मुलांच्या कित्येक पेस्टमध्ये निम्मं असतं किंवा नसतंच. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, तोही सहा-सात वर्षांपर्यंत तुम्हीच करायचा, मुलाने फक्त थुंकायचं, खळखळून चूळ नको. चंद्रपूर-यवतमाळकडे काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तिथे आधी डेंटिस्टला विचारा.

महिन्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून हिरडीलगत बघा. खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर घाबरू नका पण थांबूही नका, तिथे अजून खड्डा पडलेला नसतो, डेंटिस्टकडून फ्लोराईड वार्निश, म्हणजे दातावरचा फ्लोराईडचा लेप, लावून घेतलं आणि खाण्याच्या वेळा सांभाळल्या तर तो थांबू शकतो. तपकिरी झालं असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. "पडणारेच दात आहेत" असं कुणी म्हणालं तर सांगा, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकवायच्या असतात.