नागपुरात कोर्ट मॅरेज: नोटीस देण्याआधी काय पाहावं, नंतर काय करावं

आपण ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतो ते कोर्टात होत नाही. ते विवाह अधिकाऱ्यासमोर होतं आणि त्यात न्यायाधीश कुठेच नसतो. म्हणून "वकिलाची ओळख आहे, दोन दिवसांत करून देतो" असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे कोर्ट मॅरेजसाठी, आधी लग्न करायचं असल्याची लेखी नोटीस विवाह अधिकाऱ्याला द्यावी लागते, आणि त्यानंतर ३० दिवसांच्या आत लग्न लागूच शकत नाही.

आधी कोणता कायदा लागतो ते ठरवा. नागपुरात इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुलगा बौद्ध, मुलगी कुणबी किंवा तेली. घरचे म्हणतात धर्म वेगळे, म्हणजे विशेष विवाहच. तसं नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. दोघांपैकी कुणाच्याही रीतीने, विहारात किंवा मंडपात, लग्न लावा आणि ९० दिवसांच्या आत महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात नोंदणी करा. तिथे तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या सह्या लागतात. भंतेजींची किंवा गुरुजींची सही त्याच दिवशी घ्या, नंतर त्यांना शोधत फिरावं लागतं. एक जण अनुसूचित जातीचा असेल तर आंतरजातीय विवाहाच्या ५०,००० रुपयांच्या साहाय्यासाठी समाजकल्याण खात्याकडे अर्ज करता येतो, आणि त्यालाही नोंदणीचा दाखला लागतो.

एक जण मुस्लिम, ख्रिश्चन किंवा पारशी आणि दुसरा हिंदू किंवा बौद्ध असेल, आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. हा हक्क सहज मिळालेला नाही. १८७२ च्या कायद्यात नोंदणी विवाह करायचा तर "मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही" असं लिहून द्यावं लागे. नागपुरात वकिली केलेले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले हरिसिंग गौर यांनी पाठपुरावा केला आणि १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख व जैनांना आपसात तरी धर्म न नाकारता असं लग्न करता येऊ लागलं. १९५४ नंतर ती अट सगळ्यांसाठीच गेली.

आज कायदा चारच गोष्टी विचारतो: दुसरा जोडीदार हयात आहे का, संमती देण्याइतकं मन ठिकाणावर आहे का, मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण आहे का, आणि नातं निषिद्ध यादीत बसतं का. जात, धर्म, आईवडिलांची मर्जी यातलं काहीच विचारत नाही. यादीत मामेबहीण आहे, हे मात्र विसरू नका. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न रीतीचं मानतात, पण इथे रूढीची सवलत राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या रूढीलाच मिळते.

नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची, तिथे दोघांपैकी एकाचं सलग ३० दिवस वास्तव्य हवं. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरी करणारी गोंदियाची मुलगी नागपुरात नोटीस देऊ शकते. आधारवर गोंदियाचा पत्ता असेल तर नोंदणीकृत भाडेकरार सोबत ठेवा. पण तिचा कायमचा पत्ता गोंदियाचा असल्यामुळे नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथल्या फलकावर लागते. घरी अजून सांगितलं नसेल तर बातमी अशीच पोचते. म्हणून नोटिशीच्या आधी घरी स्वतःच्या तोंडाने सांगावं, असं आमचं मत आहे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र नाही. पत्ता खोटा लिहू नका, पुढे तोच अंगाशी येतो.

कागद: वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, फोटो, तीन साक्षीदारांची ओळखपत्रं. घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते, आणि अपिलाची मुदतही संपलेली हवी. अर्ज बहुतेक वेळा नावावरून अडतो: दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, आधारवर नाहीच, पॅनवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. हे महिनाभर आधी दुरुस्त करून घ्या.

तारखांचा हिशेब असा. २ जूनला नोटीस दिली तर ३० दिवसांनंतर, म्हणजे ३ जुलैपासून लग्न लागू शकतं. नोटीस तीन महिनेच चालते. २ सप्टेंबर गेला की पुन्हा पहिल्यापासून.

आक्षेप आला तर घाबरू नका. तो वरच्या चार अटींवरच घेता येतो. "आमच्या समाजात चालत नाही" हा आक्षेप कायद्यात बसत नाही. अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नकार मिळाला तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील.

धमक्या येत असतील तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तातडीने मदत हवी असेल तर ११२. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ ला शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि विशेष कक्ष यांचे आदेश दिले आहेत; अर्जात त्याचा उल्लेख करा. तरी हालचाल नसेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात संरक्षणासाठी याचिका करता येते.

लग्नाच्या दिवशी मंत्र लागत नाहीत. तीन साक्षीदारांसमोर एकच वाक्य: "मी, अमुक, तुला, तमुक, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो." मग तिचं तसंच. मराठीत बोललेलं चालतं. ते पाठ करून जा. पोटात गोळा आलेला असतो आणि नेमकं नावच अडखळतं.

मालमत्तेचं आधीच पाहून घ्या. दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर वारसा पूर्वीसारखाच. नाहीतर एकत्र कुटुंबातला हिंदू सदस्य कायद्याने विभक्त होतो आणि १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो.

समलिंगी जोडप्यांची नोंदणी आज होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ते संसदेवर सोडलं. स्त्री-पुरुष म्हणून लग्न करणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तींचा हक्क त्याच निकालाने मान्य केला आहे. समलिंगी जोडप्यांनी दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र करावं आणि बँकेत संयुक्त खातं उघडून जोडीदाराचं नामनिर्देशन करावं. अशा खात्याला आणि नामनिर्देशनाला कसलाही अटकाव नसल्याचं केंद्राने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं आहे. शाखेत अडवलं तर ही तारीख दाखवा.