पुरुषांसाठी क्रोशाचे बिनबोटांचे हातमोजे

बायकांच्या हातमोज्याचा नमुना घेऊन त्यात चार टाके वाढवले की पुरुषांचा हातमोजा होतो, या समजापायी बऱ्याच जोड्या वाया जातात. रुंदी जमते, पण अंगठा अडतो. पुरुषांच्या हाताला अंगठ्याच्या बुडाशी मांस जास्त असते आणि मनगटापासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंतचे अंतरही जास्त असते. ते अंतर कमी पडले की मोजा सतत वर ओढला जातो आणि बेचक्यात काचतो.

या नमुन्यात मनगटाची पट्टी आडवी विणायची, तिच्या काठावरून टाके उचलून तळहात गोलात विणायचा आणि अंगठ्यासाठी मध्ये रुंद होत जाणारा त्रिकोण सोडायचा. जोड सरळ करंगळीच्या बाजूला येतो, त्यामुळे दोन्ही मोजे हुबेहूब सारखेच होतात. डावा-उजवा असा भेद राहत नाही.

मापे आणि सामान

बोटांच्या मुळाशी, अंगठा वगळून, हाताचा घेर मोजा. इथले आकडे २२ सेंमी घेरासाठी आहेत. इतर मापांचे गणित शेवटी दिले आहे. दुसरे माप मनगटाच्या घडीपासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंतचे. ते या नमुन्यात ७ सेंमी धरले आहे. मोजे गुपचूप भेट द्यायचे असतील आणि हात मोजता येत नसेल, तर २२ धरून चाला.

लोकर मध्यम जाडीची, म्हणजे लेबलवर ४ हा आकडा असलेली (वर्स्टेड) घ्या. जोडीला साधारण १२० ते १५० मीटर लागते, म्हणजे १०० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो. शुद्ध लोकर उबदार आणि लवचिक असते. रोजच्या वापराला लोकर आणि नायलॉनचे मिश्रण जास्त टिकते, तर अॅक्रिलिक धुवायला सोपे जाते. सुती दोरा मात्र इथे नको. त्याला लवचिकता नसते, त्यामुळे मनगटाची पट्टी थोड्याच दिवसांत लोंबू लागते. पहिलीच जोडी असेल तर काळा रंगही टाळा, कारण काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि इथे टाके मोजण्यावरच सगळे अवलंबून आहे. गडद राखाडी चांगला.

क्रोशाच्या सुया दोन: ४.५ मिमी आणि ४ मिमी. शिवाय मोठ्या नेढ्याची लोकर ओवायची सुई, कात्री, टेप आणि खुणेच्या तीन-चार पिना. पिना नसल्या तर वेगळ्या रंगाच्या लोकरीचे तुकडे चालतात.

टाके

साखळी आणि स्लिप स्टिच येत असेल तर आणखी दोनच टाके लागतात. मुका खांब: सुई टाक्यात घालून धागा ओढून घ्या, सुईवर दोन वेढे होतील, पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून बाहेर काढा. अर्धा खांब: आधी सुईवर एक वेढा घ्या, मग टाक्यातून धागा ओढा, वेढे तीन होतील, धागा घेऊन तिन्हींतून एकदम काढा. तळहातासाठी अर्धा खांबच घ्यावा. पूर्ण खांबाच्या फटींतून वारा शिरतो आणि मुक्या खांबाचे कापड इतके ताठ होते की मूठ वळत नाही.

परदेशी नमुने वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकन पद्धतीतला सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश पद्धतीतला डबल क्रोशे हे दोन्ही म्हणजे आपला मुका खांबच. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे हे न बघता सुरुवात केली तर मोज्याची उंची पार चुकते.

आधी तुकडा विणून पाहा

४.५ ची सुई घ्या. २२ साखळ्या घालून तिसऱ्या साखळीपासून अर्धे खांब विणा, म्हणजे ओळीत २० टाके येतील. अशा १२ ओळी झाल्या की तुकडा ओला करून सपाट वाळवा आणि मधला भाग मोजा. १० सेंमीत आडवे १५ टाके आणि उभ्या ११ ओळी बसायला हव्यात. १६ टाके बसले, तर ३२ टाक्यांचा मोजा २१.३ ऐवजी २० सेंमीचा होईल आणि हातात शिरणार नाही. अशा वेळी ५ ची सुई घ्या. हात सैल ठेवून विणण्याचा प्रयत्न करू नका, तो दहा मिनिटांत विसरला जातो.

मनगटाची पट्टी

४ ची सुई घ्या. १३ साखळ्या घाला, सैलसर. दुसऱ्या साखळीपासून १२ मुके खांब. एक साखळी घालून काम उलटा. आता टाक्याच्या माथ्यावर दोन धागे दिसतात, एक आपल्याकडचा आणि एक पलीकडचा. सुई फक्त पलीकडच्या धाग्याखालून घालून पुन्हा १२ मुके खांब विणा. पट्टीचे लवचिक पन्हाळ, म्हणजे एकाआड एक उंचवटा आणि खोलगट, याच धाग्यामुळे उठते.

एकूण ३२ ओळी करा. शेवटची ओळ सुरुवातीच्या साखळीला जुळवून १२ स्लिप स्टिच घाला आणि नळी करा. जोड ताणून घट्ट केला तर पट्टीचा तेवढाच भाग ताणला जात नाही. लोकर तोडू नका, फक्त जोड आत जाईल अशी नळी उलटी करा. या टप्प्यावर अंगठा दुमडून हात पट्टीतून घालून पाहा. सहज गेला पाहिजे आणि सोडल्यावर पट्टी मनगटाला बसली पाहिजे.

तळहात आणि अंगठ्याचा त्रिकोण

४.५ ची सुई. पट्टीच्या काठावर प्रत्येक ओळीच्या टोकाला एक, असे ३२ मुके खांब घाला. उंचवट्याची ओळ चटकन दिसते, खोलगटातली सुटते. २८-२९ टाके भरले तर कारण हेच. पहिल्या टाक्याला स्लिप स्टिचने जोडा.

इथून प्रत्येक फेरी संपली की पहिल्या टाक्याला जोडायचे, एक साखळी घालायची (ती टाक्यांत मोजायची नाही) आणि काम उलटायचे. न उलटता गोल गोल विणले तर क्रोशाचे टाके प्रत्येक फेरीत थोडे एका बाजूला सरकतात आणि अंगठ्याचा त्रिकोण तिरपा चढतो. उलटल्याने ती सरक एकमेकींत जिरते.

उलटल्यावर पहिला टाका कुठे घालायचा, इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. स्लिप स्टिच सोडून द्या आणि आधीच्या फेरीच्या शेवटच्या टाक्यात सुरुवात करा. फेरीचा शेवट मात्र आधीच्या फेरीच्या पहिल्या टाक्यात व्हायला हवा. तो स्लिप स्टिचमुळे दबलेला असतो आणि नजरेतून निसटतो. म्हणून प्रत्येक फेरीचा पहिला टाका घातला की त्यात लगेच पिन लावा. पुढच्या फेरीचा शेवटचा टाका त्या पिनेच्या जागी.

दुसरी फेरी: ३२ अर्धे खांब.

तिसरी फेरी: १५ अर्धे खांब, पुढच्या दोन टाक्यांत प्रत्येकी दोन, मग १५. एकूण ३४. मधल्या चार टाक्यांच्या दोन्ही कडांना पिना लावा, हाच त्रिकोण.

चौथ्या फेरीपासून दोन्ही बाजूंचे १५-१५ तसेच ठेवा आणि त्रिकोणाच्या फक्त पहिल्या व शेवटच्या टाक्यात दोन-दोन खांब घाला. चौथ्या फेरीनंतर त्रिकोणात ६, पाचवीनंतर ८, सहावीनंतर १० आणि सातवीनंतर १२ टाके होतील. एकूण ४२. प्रत्येक फेरीत पिना वर सरकवत न्या.

आठवी फेरी: वाढ न करता ४२. आता मोजा घालून पाहा. त्रिकोणाचा वरचा काठ अंगठ्याच्या बेचक्याला टेकला पाहिजे. एक सेंमी कमी पडत असेल तर आणखी एक साधी फेरी विणा. इथे आळस केला तर पुढे काहीही करून तो मोजा नीट बसणार नाही.

नववी फेरी: १५ अर्धे खांब, २ साखळ्या, त्रिकोणाचे १२ टाके सोडून द्या, पुढे १५. दहावीत साखळ्यांवरही दोन खांब घाला, म्हणजे पुन्हा ३२. अकरावी, बारावी, तेरावी साधी.

शेवटी ४ च्या सुईने मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या. काठ बोटांच्या पहिल्या पेरावर, अर्ध्यापर्यंत येतो. लोकर तोडण्याआधी मोजा घालून मूठ आवळा. मूठ आवळली की बोटांच्या मुळाशी घेर वाढतो. काठ रुतला तर त्या दोन फेऱ्या उसवून ४.५ ने विणा.

अंगठा

४ ची सुई. दोन साखळ्यांच्या खालच्या बाजूला लोकर जोडा. तिथे २ मुके खांब, कोपऱ्याच्या फटीत १, त्रिकोणाच्या टाक्यांवर १२, दुसऱ्या कोपऱ्यात १, असे १६. कोपऱ्यात टाका घातला नाही तर तिथे भोक पडते, आणि बिनबोटांच्या हातमोज्यात हेच भोक सर्वांत जास्त दिसते.

दुसऱ्या फेरीत दोन मुके खांब झाले की कोपऱ्याचा टाका शेजारच्या टाक्यासकट एकत्र विणा (दोन्ही टाक्यांतून एकेक धागा ओढून घ्या, मग सुईवरच्या तिन्ही वेढ्यांतून एकदम काढा), पुढे १० साधे, मग शेवटचे दोन एकत्र. उरले १४. आणखी दोन फेऱ्या साध्या विणा. अंगठ्याला काम उलटायची गरज नाही, एवढ्या उंचीत तिरपेपणा जाणवत नाही.

टोके सुईत ओवून आतल्या बाजूने एकदा जाऊन उलट दिशेने परत आणा. नुसती एका दिशेने घातलेली टोके धुताना बाहेर येतात. उरलेली लोकर कोपऱ्याभोवती एकदा फिरवली की बारीक फटही बुजते.

दुसरा मोजा फेऱ्या मोजून विणा, टेपने नव्हे. पहिल्या मोज्यात जादा फेरी घातली असेल तर ती कागदावर लिहून ठेवा. तरीही दुसरा मोठा वाटला, तर फेऱ्या सारख्या असून हात सैल पडला आहे. काही दिवसांचा खंड पडला की असे होते. दोन्ही मोजे लागोपाठ विणलेले बरे.

इतर मापे

दोन टाक्यांनी घेर १.३ सेंमीने बदलतो. २०-२१ सेंमी हाताला ३०, २३-२४ ला ३४, त्याहून रुंद हाताला ३६ टाके घ्या. पट्टीच्या ओळीही तेवढ्याच. मधले दोन टाके त्रिकोणाचे, उरलेले दोन्ही बाजूंना सारखे: ३० ला १४-१४, ३४ ला १६-१६, ३६ ला १७-१७. ३६ टाक्यांच्या मोज्यात त्रिकोण १४ टाक्यांपर्यंत वाढवा. वाढीची एक फेरी जास्त होते, ती उंचीलाही उपयोगी पडते. अंगठ्याला मग घट करून १६ टाके उरतील.

हात रुंद पण मनगट बारीक असेल तर पट्टी २८ ओळींचीच करा आणि काठावरून टाके उचलताना दर सातव्या ओळीच्या टोकाला दोन टाके घाला. बरोबर ३२ भरतात.