कोल्हापुरातून कर्नाटकातल्या निपाणीत पेट्रोल स्वस्त म्हणून गाडी काढायच्या आधी हे बघा

पंपावरच्या पोराशी भांडू नका भावांनो, रेट त्याच्या हातात नसतोय. मालकाला लिटरमागं ठरलेलं कमिशन मिळतं, बास.

आधी बिल फोडून बघा. कंपनीचा मूळ दर, मग केंद्राची एक्साइज (म्हणजे उत्पादन शुल्क), ती देशभर सारखीच. फरक पडतो तो राज्याच्या व्हॅटनं, म्हणजे राज्याच्या विक्रीवरच्या करानं. पेट्रोल जीएसटीत नाही म्हणून प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतंय, आपल्याकडं महाराष्ट्रात टक्केवारी आणि वर लिटरमागं जादा रुपये, आणि टक्केवारी असल्यानं मूळ दर वाढला की राज्याची कमाई पण आपोआप वाढते. डेपोपासूनचं टँकरभाडं पण असतं, पण ते किरकोळ.

आता हिशोब. २०१७ पासून रेट रोज सकाळी ६ ला बदलू शकतो, म्हणून दोन्हीकडचा त्याच दिवशीचा बघा. समजा २ रुपये फरक, टाकी १० लिटरची, म्हणजे वाचले २०. कोल्हापुरातून निपाणी जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या आसपास, बाईक ५० चं ॲव्हरेज देत असली तरी दीड लिटर रस्त्यातच गेलं की! कामानिमित्त तिकडं जाणारच असला तर येताना खुशाल टाकी फुल करा.